सायकलवर अकरा तास, धावताना सव्वातीन तासात खलास: एका रनरचं प्रकरण

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं हे प्रकरण. तिला विचारून लिहितेय, नाव देत नाही. वय ३८, वजन ५८ किलो, धावायला लागून सहा वर्षं झाली, सायकल त्याच्याही आधीपासून. तिने मला तिची वही दिली, घड्याळातला सगळा डेटा दिला आणि पुढचे १६ आठवडे मी तिच्याबरोबर होते, म्हणून इतकं बारीक लिहिता येतंय.

दोन मॅरेथॉन झाल्या होत्या आणि दोन्हीत ३० ते ३२ किमीच्या मध्ये ती संपली. पहिल्यानंतर सगळे म्हणाले लाँग रन कमी पडले, पाय तयार नव्हते. तिलाही ते पटलं आणि दुसऱ्या वेळी तिने ३२, ३४, ३५ असे लाँग रन ओळीने तीन आठवडे मारले. दुसरी मॅरेथॉन पहिल्यापेक्षा वाईट गेली. टार्गेट होतं ४ तास २० मिनिटं म्हणजे ६:१० चा पेस (एका किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंद), पहिले १० किमी तिने ५८ मिनिटांत काढले, ३२ पर्यंत एकूण गाडी वेळेवर होती, ३ तास १७ मिनिटं, आणि तिथून पुढे किलोमीटरला साडेआठ मिनिटांच्या वर. शेवट ४ तास ४६ मिनिटांना.

आता ३२ ला नक्की काय झालं हे तिच्याकडून नीट काढून घेतलं, कारण 'पाय गेले' एवढ्यावर काही कळत नाही. ती म्हणाली, अगं ३३ च्या बोर्डापाशी मी उभी राहिले आणि ४२ मधून ३३ गेले की किती उरतात हे मला येईना, खरंच येईना, मी बोटं मोजली. थंडी वाजायला लागली, कारण नसताना रडू आलं, जेलचं, म्हणजे वाटेत खायच्या घट्ट गोड पाकाचं, पाकीट दाताने फाडायचं असतं तेही सुचलं नाही. नुसते पाय थकले तर माणसाला वजाबाकी येत नाही असं होत नाही. हे मेंदूला साखर कमी पडल्याचं लक्षण आहे.

आणि खरा धागा पुढे मिळाला. त्याच मॅरेथॉननंतर सात आठवड्यांनी तिने २०० किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, केली. साडेतेरा तासांची मुदत असते, तिने ११ तास २० मिनिटांत आटपली, शेवटच्या कंट्रोलला (वाटेतल्या तपासणीच्या थांब्याला) हसत गप्पा मारत कार्डावर शिक्का घेत होती. तेच शरीर, तोच सीझन. जो माणूस सायकलवर अकरा तास टिकतो त्याचा स्टॅमिना सव्वातीन तासात संपतो असं कसं म्हणणार? मग या दोन दिवसांत फरक काय होता ते शोधायला बसलो.

फरक दोन निघाले. एक, सायकलवर तिचा हार्ट रेट १२५ च्या आसपास, मॅरेथॉनमध्ये १६० च्या वर. इंटेन्सिटी जितकी वर तितकं शरीर चरबी सोडून कार्बवर (कार्बोहायड्रेटवर) जातं, त्यामुळे हा फरक मोठाच आहे, तो विसरून चालणार नाही. आणि दुसरा, खाणं. बीआरएमला ती प्रत्येक कंट्रोलला बसून जेवली, जर्सीच्या मागच्या खिशात केळी, बाटलीत ड्रिंक, मी हिशोब मांडला तर ताशी ४५ ते ५० ग्रॅम कार्ब निघाले. मॅरेथॉनला किती? ती म्हणाली, घेतली ना जेलं, पाच नेली होती. मी विचारलं, परत किती आली? त्या दिवसाचा बेल्ट तिने तसाच कपाटात टाकला होता, धुतलाही नव्हता, मी चेन उघडली तर आत तीन जेलं अख्खी. म्हणजे पोटात गेली दोन, २५ ग्रॅमचं एक धरलं तर पावणेपाच तासांत ५० ग्रॅम, ताशी १०-११ ग्रॅम. आणि तिच्या वहीत त्या दिवशी लिहिलेलं होतं 'फ्युएलिंग ठीक'. खोटं नव्हती लिहीत, तिला खरंच तसं वाटत होतं. तेव्हापासून मी कुणालाही काय खाल्लंस असं विचारत नाही, परत काय आलं ते विचारते.

हिशोब ढोबळच आहे पण करून बघा. धावताना वजनाच्या एका किलोला एका किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. ५८ किलो आणि ४२.१९५ किमी म्हणजे अडीच हजाराच्या जरा आत. त्यातल्या दोन तृतीयांश जरी कार्बमधून आल्या तरी १६०० च्या वर, म्हणजे ४०० ग्रॅम कार्ब. तिच्या मापाच्या माणसाच्या स्नायूंत मिळून ३०० ते ४०० ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे शरीराने साठवलेले कार्ब, मावतं आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम. बघताना वाटतं की पुरेल की. पण स्नायूतलं ग्लायकोजन त्याच स्नायूला वापरता येतं, ते ग्लुकोज करून रक्तात सोडायला जे एन्झाइम लागतं ते स्नायूंकडे नसतं. हातातला, खांद्यातला साठा पायाला मिळत नाही. रक्तातली साखर राखायचं काम यकृताचं, आणि यकृतातला साठा रात्रभराच्या उपाशीपोटी बराचसा खाली गेलेला असतो. ही बाई पहाटे उठून फक्त काळी कॉफी पिऊन स्टार्टलाइनवर उभी राहिली होती, कारण पोट हलकं बरं वाटतं. त्यात पहिले १० किमी, किलोमीटरला २० सेकंद फास्ट. टाकी अर्धी भरलेली आणि गाडी पहिल्यापासून जोरात.

चरबी म्हणाल तर बारीक माणसाकडेही हजारो कॅलरींची पडून असते, पण ती हळू सुटते, त्या पेसला ती एकटी पुरत नाही. म्हणून माणूस पडत नाही, चालायला लागतो. तिचं तेच झालं.

हे काही नवीन ज्ञान नाही बरं का. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉनला डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं होतं तेव्हा जे बेजार होऊन पोचले त्यांची साखर खाली आलेली सापडली, आणि १९२५ ला काही जणांना आधी भरपूर कार्ब आणि वाटेत गोड गोळ्या खायला दिल्या तर ते चांगल्या अवस्थेत पोचले. शंभर वर्षं झाली आणि आपण अजून एकमेकांना लाँग रन वाढव म्हणून सांगतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाण्याचाही एक घोळ होता आणि तो जास्त धोक्याचा. ३२ नंतर गळून गेल्यासारखं झालं तर तिने ते डीहायड्रेशन समजलं आणि पुढच्या प्रत्येक एड स्टेशनला दोन-दोन ग्लास पाणी प्यायली, चालत होती त्यामुळे वेळही भरपूर. दिवस थंड होता. संपल्यावर डोकं जड, बोटातली अंगठी निघेना आणि घरी येऊन वजन केलं तर सकाळपेक्षा पाऊण किलो जास्त! चार तास पळून वजन वाढलं म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त गेलं, आणि त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बॉस्टनमध्ये ४८८ जणांच्या रक्ताची तपासणी झाली होती, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं होतं. यात माणूस दगावू शकतो. ती नशिबाने सुटली. नंतर आम्ही तिचा घाम मोजला, सोपं आहे, पळायच्या आधी वजन ५८.२, दोन तासांनंतर अंग पुसून ५७.०, मध्ये प्यायली ६०० मिली, म्हणजे घाम १.८ लिटर, ताशी ९०० मिली. हे उन्हातलं. थंडीत तोच आकडा ५०० च्या आत आला. म्हणजे एकच 'ताशी इतकं प्यावं' असा आकडा तिलासुद्धा दोन दिवस लागू पडत नाही, दुसऱ्याचा आकडा तर सोडाच.

तर तिला हे सगळं सांगितलं आणि ती म्हणाली, कळतं गं, पण मला जेल चालत नाही, पोट बिघडतं. हे ऐकून मी आधी वैतागले होते पण तिचं चूक नव्हतं. कसं घेतेस विचारलं तर म्हणाली जेल तोंडात आणि वरून स्पोर्ट्स ड्रिंक. घट्ट साखरेवर पुन्हा साखरेचं पाणी. असं घट्ट मिश्रण पोटातून लवकर पुढे सरकत नाही, आतडं उलट शरीरातलं पाणी आत ओढून घेतं, मग मुरडा आणि धावाधाव. शिवाय सगळा सराव उपाशीपोटी, आठवड्यातले पाचही रन, आणि जेल फक्त रेसच्या दिवशी. पायांना १६ आठवडे तयारी आणि पोटाला थेट परीक्षा.

आधी खात्री करायची होती म्हणून दोन रन केले, दोन आठवड्यांच्या अंतराने, तोच रस्ता, २६ किमी, शेवटचे १० रेस पेसने. पहिला तिच्या पद्धतीने, कॉफी आणि एक जेल. शेवटच्या चार किमीत पेस ६:१० वरून ६:४८ ला गेला, आणि मजा म्हणजे हार्ट रेटही खाली आला, जोर लावतेय पण लागतच नाही अशी अवस्था. दुसऱ्याला तीन तास आधी नाश्ता आणि ताशी ३० ग्रॅम, नुसत्या पाण्याबरोबर. शेवटपर्यंत ६:१२. दोन रनवरून कुणी शास्त्र मांडत नाही, पण तिच्या डोळ्यांसमोर तिचेच आकडे होते आणि मला तेवढंच हवं होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदा म्हणाली की मग माझे पाय ठीक आहेत.

पुढचा प्लॅन सायकलवरून सुरू केला. सायकलवर पोट हलत नाही, बसून खाता येतं, त्यामुळे आतड्याला सवय लावायला सायकल फार चांगली. दर पंधरा दिवसांनी तीन ते चार तासांची राइड, पहिले तीन आठवडे ताशी ३० ग्रॅम, मग ४५, मग ६०, आणि धावताना नेहमी सायकलच्या एक पायरी मागे. आतड्यात ग्लुकोज आत घेणारे वाहक असतात, त्यांची मर्यादा ताशी साधारण ६० ग्रॅमची, आणि फ्रुक्टोज वेगळ्या दाराने जातं म्हणून दोन्ही मिळून ९० पर्यंत जाता येतं. नियमित खात राहिलं तर ही क्षमता सरावाने सुधारते. साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोजच, त्यामुळे महागडी पावडर घ्यायलाच हवी असं नाही. आजकाल प्रो सायकलिस्ट ताशी १२० ग्रॅम घेतात म्हणून लोक तो आकडा धरून बसलेत, पण ते ज्या वॅटेजला, म्हणजे जितका जोर लावून, चालवतात तिथे तेवढं जळतं. सव्वाचार तासांच्या रनरला ६० भरपूर झाले असं माझं स्पष्ट मत आहे.

धावण्याच्या बाजूला उलट कमीच केलं. ३५ चे लाँग रन बंद, जास्तीत जास्त ३०, पण शेवटचे ८ ते १० रेस पेसने. एक टेम्पो (जरा जोराचा, एकसारख्या वेगाचा रन), दोन आरामात, एक रन काढून त्या जागी दीड तास सायकल. उपाशी रन आठवड्यात एकच ठेवला, तोही पाऊण तासाचा आणि हळू.

इथे एक गोष्ट मध्येच निघाली जी मी विचारलीच नव्हती. गप्पांच्या ओघात म्हणाली की चार महिने पाळी अनियमित आहे, वयामुळे असेल. ३८ ला वयामुळे? मी तिला डॉक्टरकडे पाठवलं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बरंच कमी निघालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की तू जेवढं जाळतेस त्यामानाने खातच नाहीस. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलंय, खेळाडूच्या शरीरात कामाच्या मानाने ऊर्जा कमी पडणं, आणि त्यात हाडं, हार्मोन, प्रतिकारशक्ती सगळंच भरडलं जातं. पाळी गेली म्हणजे ट्रेनिंग जोरात चाललंय असं मुली एकमेकींना सांगतात, कृपा करून सांगू नका. पहाटे उपाशी धावायचं, मग ऑफिसच्या गडबडीत दुपारपर्यंत काही नाही, ही तिची रोजची पद्धत होती. रनवरून आल्याबरोबर अर्ध्या तासात नाश्ता हा बदल वहीत सगळ्यात वर लिहिला. सहाव्या-सातव्या आठवड्यापासून तिची झोप सुधारली, पाळीही तिसऱ्या महिन्यात मार्गावर आली.

नवव्या आठवड्यात फजिती झाली. २८ किमीचा रन, ठरलं होतं ४५ ग्रॅम, तिने उत्साहात ६० केले, आणि ते कसे, तर ५०० मिलीच्या एका बाटलीत ६० ग्रॅम साखर आणि शिवाय मध्ये एक जेल. बाटलीच १२ टक्क्यांची झाली. २२ व्या किमीला रस्त्याच्या कडेला उलटी, मग पुढे संडास शोधत चालणं. मला फोन आला, रडत होती, म्हणाली बघ माझं पोट असंच आहे. मी तिला म्हटलं बाटलीत किती पाणी घातलंस ते आधी सांग. पुढच्या वेळी तीच ६० ग्रॅम साखर ७५० मिलीमध्ये, म्हणजे ८ टक्के, त्यात दीड ग्रॅम मीठ, ज्यातून साधारण ६०० मिलीग्रॅम सोडियम मिळतं, आणि जेल खायचं असेल तर त्याच्याबरोबर फक्त साधं पाणी. आदल्या संध्याकाळी कच्ची कोशिंबीर, कडधान्यं असं चोथ्याचं काही नाही. बाराव्या आठवड्यात तोच २८ किमी, ताशी ६० ग्रॅम, पोटाने हूं की चूं केलं नाही.

रेसच्या आधीचे दोन दिवस कार्ब लोडिंग, म्हणजे जास्त कार्ब खाऊन साठा भरून घेणं. आधी ती आदल्या रात्री एकदाच दाबून जेवायची आणि सकाळी जड पोटाने उठायची. आता ३६ तासांत वाटून, दिवसाला किलोमागे ८ ग्रॅम, म्हणजे तिला ४६० च्या आसपास. पुस्तकात १० ते १२ सांगतात, तिला तेवढं झेपेना म्हणून ८ वर थांबलो. वजन १.१ किलोने वाढलं आणि तिचा मेसेज आला, मी जाड झाले. ग्लायकोजनच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, तो वाढलेला किलो म्हणजे रस्त्यात लागणारं सामान आहे एवढंच उत्तर पाठवलं. सकाळी तीन तास आधी ११५ ग्रॅम कार्बचा नाश्ता, झोप न झाल्यासारखी होती पण खाल्लं. स्टार्टच्या दहा मिनिटं आधी एक जेल.

रेसमध्ये घड्याळात दर २५ मिनिटांना अलार्म. भूक लागली की खाऊ हे चालत नाही, त्या वेळेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिले १० किमी १ तास २ मिनिटं ३० सेकंद, सगळे पुढे निघून चाललेत म्हणून तिचा जीव खालीवर होत होता पण धरून ठेवलं. मग ६:०८ च्या आसपास. ३३ च्या बोर्डापाशी मी मुद्दाम उभी होते. ती आली, माझ्याकडे बघून ओरडली, "नऊ पॉइंट दोन!" आणि गेली. मला तिथेच भरून आलं.

शेवट ४ तास २२ मिनिटांना, दुसऱ्या वेळेपेक्षा २४ मिनिटं कमी. शेवटच्या तीन किमीत पोटऱ्या ठणकत होत्या, पेस ६:३० च्या पुढे गेला. हा पायांचाच थकवा, डोकं जागेवर होतं, बोलणं जागेवर होतं, आणि दोन्ही थकव्यांतला फरक तिला आता अंगाने कळला. आल्या आल्या बेल्ट माझ्या हातात दिला. ९ पैकी एक जेल परत आलं होतं, २२५ व्या मिनिटाचं, म्हणाली गिळवेना, गोडाचा वीट आला. म्हणजे २०० मिनिटांपर्यंत ताशी ६० आणि पूर्ण रेसवर बघितलं तर ४६. कागदावरचे ६० रस्त्यावर ४६ होतात. पुढचा प्लॅन करताना हा आकडा धरायचा.

चार-पाच गोष्टी एकदम बदलल्या, त्यात सगळ्यात जास्त कशाने दिलं असं मला लोक विचारतात. माझ्या मते पहिले १० किमी हळू आणि दर २५ मिनिटांचा अलार्म, या दोन. लोडिंग आणि नाश्ता त्यांच्या मागे.

आता ती ३०० किमीच्या बीआरएमच्या मागे आहे, २० तासांची मुदत, शेवटचे काही तास रात्रीचे. सायकलवर इंटेन्सिटी कमी असल्याने ताशी ४५ पुरतील असं आम्ही धरलंय, खरा प्रश्न गोडाचा वीट येण्याचा, कारण जे धावताना पावणेचार तासाला झालं ते सायकलवर आठव्या तासाला कधीतरी होणारच. म्हणून निम्मं खाणं खारं ठेवलंय, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खारवलेले शेंगदाणे थोडेसेच कारण चरबी सावकाश पचते. गेल्या आठवड्यात सहा तासांची राइड झाली. बटाटे सगळे संपले, दोन जेलं परत आली, आणि वहीत तिने स्वतःच लिहिलंय: 'पाचव्या तासापासून गोड बंद, दुसऱ्या बाटलीत नुसतं मीठ-पाणी ठेवून बघायचं.'